पाऊण मीटर मोकळी जागा

आमच्या गल्लीत वर्षभर पुतळे घडतात
आणि मार्चच्या एकोणीस तारखेला, रात्री, जळतात.
मधल्या चार दिवसांत माणसं येऊन हसून जातात.
वालेन्सियात माझं पोट या हसण्यावर चालतं.
आकार एलादीचे, रंग माझे.
एलादी सत्तरी ओलांडलेला, बोटांत फोम कापायची तार,
खिशात न पेटवलेला चिरूट.

यंदा नगरसेवक बोरोनात बेडूक झाला.
नाला उपसायचे पैसे ज्याच्या घशात गेले
आणि तोच नाला एका रात्रीत आमच्या तळघरांत शिरला,
तो.
तीन मीटर उंच. पारदर्शक पोटात
चमचे, किल्ल्या, एक अख्खं फावडं.
मी त्याला घोट्यापर्यंत चिखलाचा हिरवा दिला.
बोरोनात स्वतः आला, बायकोला घेऊन,
दात दाखवून फोटो काढला,
म्हणाला, पोट जरा जास्तच झालंय.
एलादी म्हणाला, मोजमाप तुम्हीच दिलंत.
शालजोडीतला म्हणतात तो हाच.
कुठे लागला ते ज्याला लागतो त्यालाच कळतं.

(नंतर कानावर आलं, त्याच्या मुलीला शाळेत
महिनाभर डराँव डराँव ऐकावं लागलं.
हे मी कुणाला सांगितलं नाही.)

मंडळाचा नवा अध्यक्ष नादाल.
त्याला बेडकाशेजारी अजून एक हवी होती:
चौथ्या मजल्यावरची झाहिया.
दवाखान्यात रात्रीची फरशी पुसते.
फटाक्यांविरुद्ध अर्ज केला होता तिने, एक पान,
कारण आवाज झाला की तिचा मुलगा
भिंतीवर डोकं आपटतो.
एका पानात 'कृपया' तीनदा.

नादाल म्हणाला, चेटकीण कर. नाक लांब.
पोरगं शेजारी, कानांवर हात, तोंडातून लाळ.
पाटीवरच्या चार ओळी त्यानेच जुळवल्या.
मी हसले. खरंच हसले, यमक चोख होतं.
आणि रंगवायला बसले.

लाळ रंगवणं अवघड असतं.
पांढऱ्यात किंचित निळा, वरून वार्निशचा थेंब,
मग तो ओघळेपर्यंत धीर धरायचा.
पहाटे दोनला तो बरोबर ओघळला
आणि मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं,
मग त्या कौतुकाचीच किळस.

एलादीला उठवलं. विचारलं, रेघ कुठे असते?
म्हणाला, मला काय विचारतेस,
अठ्ठावन्न वर्षं तार चालवतोय.
बिशप कापले, बँकवाले कापले,
एकदा एका तोतऱ्या मास्तरलाही कापलं.
पुढच्या वर्षी तो गाव सोडून गेला.
पहिलं बक्षीस होतं आम्हाला, त्या साली.
आणि त्याने चिरूट पेटवला,
फोमच्या ढिगात बसून, जे तो कधी करत नाही.

कायद्यात बसतं का? बसतं.
पोलिस त्या दोघांना उचलायला आले असते
तर मी दारात आडवी झाले असते, देवाशपथ.
ते येणार नव्हते
म्हणून सुरी मलाच घ्यावी लागली.

टोपी उडवायची तर आधी डोक्यावर टोपी हवी.
झाहियाच्या डोक्यावर काय होतं,
एक रुमाल आणि रात्रपाळी.

सकाळी नादाल किंचाळला, ही मुस्कटदाबी आहे!
असेल.
म्हटलं, पाटी शाबूत आहे. घे, आणि
तिच्या दारात उभा राहून मोठ्याने वाच.
त्याने पाटी उचलली, जिना चढायला लागला.
कितव्या मजल्यावरून परतला, मला दिसलं नाही.
दुपारी पाटी कचऱ्याच्या डब्यापाशी होती, पालथी.

बेडकाशेजारी पाऊण मीटर मोकळी जागा राहिली,
तिच्यावर सुरीचे ओरखडे.
लोक विचारायचे, इथे काय होतं?
परीक्षकांनी गुण कापले.

एकोणिसाव्या रात्री बेडूक आधी डोळ्यांतून पेटला.
चौथ्या मजल्यावर खिडकी बंद, पडदा थोडा बाजूला,
काचेला चिकटलेलं एक नाक,
कानांवर मोठे पिवळे गोळे,
रस्ते फोडणारे कामगार लावतात तसले.
फोम जळाला की वास केसांत आठवडाभर राहतो.

बोरोनातची मुलगीही गर्दीत होती, पुढेच.
तिच्याकडे मात्र मी पाहिलं नाही.